एकोणचाळीस पक्ष्यांचे पाय

मी एक जुनी शवपेटी आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्यात आजवर कोणीही निजलेले नाही. आणि जुनी म्हणजे तरी केवढी? पुरती आठ वर्षांचीही नाही. पण मी पावणेचार हजार वर्षांची दिसावी अशा बेताने मला रंगवले. जन्मल्या दिवसापासून म्हातारे दिसायचे म्हणजे काय असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी मत्सरी आहे. सांगता सांगता मध्येच माझा सूर कडू झाला तर समजून घ्या.

माझा जन्म दुबईत, रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथे मॉलच्या सजावटी बनत. डिसेंबरात थर्माकोलचा बर्फ, रमजानात पुठ्ठ्याचे कंदील आणि चंद्रकोरी, दिवाळीला माणसाएवढ्या पणत्या. सण उलटला की सगळा माल भंगारात. त्या गर्दीत टिकण्यासाठी जन्मलेली मी एकटीच होते, आणि याचा मला फार तोरा होता.

झाले होते असे. अल ऐनच्या एका संग्रहालयात एक खरीखुरी इजिप्शियन शवपेटी येणार होती, अनेक वर्षांच्या उसनवारीवर. रेनसेनेब नावाच्या एका बाईसाठी ती कोणे एके काळी रंगवलेली होती. तिला काचेत ठेवणार. पण मुले आली की त्यांना हात लावून बघायचे असते. म्हणून संग्रहालयात मुलांचे कार्यक्रम बघणाऱ्या अनुपमाताईंनी ठरवले, की शेजारी हुबेहूब दुसरी पेटी ठेवायची. तिला बघायचे आणि मला हात लावायचा, अशी आमची वाटणी होती. अनुपमाताई मूळच्या पुण्याच्या. राहायला दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, आणि नोकरीसाठी रोज गाडी हाणत अल ऐनला जाणाऱ्या. वाकडी वाट करून त्या फोटोंची फाईल घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या.

वर्कशॉपचे सुतार आणि मुकादम दोन्ही सूर्यकांत होते. ते रत्नागिरीकडचे. खरी पेटी उंबराच्या भावकीतल्या एका झाडाची आहे म्हणतात. मला मात्र त्यांनी अठरा एमएमच्या प्लायमधून कापले. इथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली, असे म्हणा हवे तर.

मला रंगवले केरूने. केरू पेणजवळच्या एका गावचा. लहानपणापासून चुलत्याच्या कारखान्यात गणपती रंगवलेला माणूस. आखातात येऊन त्याला अकरा वर्षे झाली होती. बायको ठकुबाई गावी, आणि हा इथे थर्माकोलच्या बर्फावर चमकी मारत होता. माझे काम हातात आले तेव्हा त्याने फाईलमधला एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. माझ्या चारही बाजूंनी चित्रलिपीच्या ओळी जायच्या होत्या.

"ताई, हे लिहिलंय काय?" त्याने विचारले.

"प्रेयर आहे रे. राजाने आणि देवाने हिला नैवेद्य द्यावा. हजार भाकऱ्या, हजार घडे बीअर, हजार बैल, हजार पक्षी. आणि शेवटी हिचं नाव. जो कोणी ते मोठ्याने वाचेल, त्याच्या नुसत्या वाचण्याने हिला जेवण पोचतं, असं ते लोक मानायचे."

"म्हणजे पान वाढायचं. आमच्यात पण वाढतात, पितृपक्षात."

"एक्झॅक्टली. तसंच समज," ताई म्हणाल्या आणि घाईत निघून गेल्या.

त्यांचे हे बोलणे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

फोटोंतल्या त्या ओळींमध्ये पुष्कळ पक्षी होते. घुबड होते, गिधाड होते, लाव्याचे पिल्लू होते. मी मोजले आहेत, एकोणचाळीस. पण त्यांतल्या एकालाही पाय नव्हते. पोटाखाली सगळे सपाट. केरूला वाटले, इतक्या वर्षांत रंग उडाला असणार. त्याच्या चुलत्याच्या कारखान्यातून बोटाचे नख तुटलेली मूर्तीही कधी बाहेर पडली नव्हती. खंडित वस्तू द्यायची नाही, हा तिथला पहिला धडा. आणि दुसरी गोष्ट त्याला त्याहून मोठी वाटली. ती तो सूर्यकांतना समजावून सांगत होता, तेव्हा मी नुकतीच पिवळ्या रंगाचा पहिला हात लेऊन वाळत होते.

"पान वाढलंय म्हणल्यावर पक्षी यायला पाहिजे. पाय नसले तर पानावर उतरंल कसा तो?"

"फोटोत आहे तसं कर ना यार," सूर्यकांत म्हणाले. "यल्ला, चल लवकर, डिलिव्हरी जवळ आलीय."

पण केरूने ऐकले नाही. त्याने एकोणचाळीस पक्ष्यांना अठ्ठ्याहत्तर पाय काढून दिले. घुबडापाशी जरा अडखळला, कारण घुबड काही त्याला शुभ वाटेना. मग त्यालाही दिले. प्रत्येक पायाला तीन बोटे पुढे, एक मागे, आणि बोटांना नखे. दोन दिवस नुसते पाय चालले होते. सूर्यकांतनी माझा फोटो अनुपमाताईंना पाठवला. त्यांनी तो मोबाइलवर, बहुधा सिग्नलला थांबून पाहिला, आणि अंगठा पाठवला.

डोळे मात्र त्याने शेवटासाठी ठेवले होते. आमच्यासारख्या पेट्यांच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या बाजूला, दोन मोठे डोळे रंगवतात. आतल्या माणसाला कुशीवर निजून त्या डोळ्यांतून पूर्वेचा सूर्य दिसावा म्हणून. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी. त्या सकाळी केरू अंघोळ करून उपाशीपोटी आला. सगळ्यांना बाहेर काढले. मशीन बंद करायला लावली. श्वास रोखून त्याने आधी एक डोळा आखला, मग दुसरा, आणि हळूच म्हणाला, "हं. आता बघ."

मी पाहिले. मित्रांनो, मी या जगात पाहिलेली पहिली वस्तू म्हणजे केरूचा चेहरा. हनुवटीला पिवळा रंग लागलेला, आणि अगदी जवळ आलेला.

मग मला अल ऐनला नेले. खजुरीच्या बागांचे ते शांत गाव मला फार आवडले. पण दालनात पाऊल ठेवले, आणि ती दिसली.

काय सांगू तुम्हांला! ती फुटली होती. तिचा रंग उडाला होता. एका कोपऱ्याला चक्क वाळवीने खाल्लेले होते. आणि तिच्यासमोर माणसे चपला वाजू नयेत म्हणून जपून चालत होती. तिला वेगळी हवा, वेगळा उजेड. तिच्या काचेत एक छोटे यंत्र होते, ते दिवसभर फक्त तिची तब्येत बघायचे. मला साधा पंखासुद्धा नव्हता. तिच्याबद्दल बोलताना अनुपमाताईंचा आवाज खाली यायचा. माझ्याबद्दल बोलताना त्या म्हणायच्या, "हां, ती ना? ती इकडे सरकवा."

हे सगळे मी सोसले असते. पण एका गोष्टीने माझे लाकूड आतून जळाले. तिच्यात कोणीतरी निजले होते. कोणा एका जिवंत बाईला निरोप देताना चार माणसे रडली होती आणि तिला त्या पेटीच्या हवाली करून गेली होती. शवपेटीने जे करायचे, ते तिने केले होते. माझ्यावर तीच प्रार्थना होती, तेच नाव होते. पण विचार करा, माझ्यासमोर उभे राहून कोणी ते वाचले, तरी भाकरी जाणार तिलाच! आयुष्यभर दुसरीच्या नावाने पान वाढायचे, असे माझे नशीब होते.

तरीही मला तिच्या शेजारी उभे राहायचे होते. जळत का होईना, पण शेजारी. मला दुसरे काहीही नको होते.

उद्‍घाटनाला दोन दिवस होते. खऱ्या पेटीबरोबर कैरोहून डॉक्टर सफा नावाच्या एक विद्वान बाई आल्या होत्या. त्या माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या, खाली वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"ह्यांना पाय कोणी दिले?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

अनुपमाताईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी एकदा काचेतल्या घुबडाकडे पाहिले, एकदा माझ्या घुबडाकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला.

सफाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शिकवताना सांगतात तसे सांगितले. त्या काळचे लोक मानत, की मृताजवळ काढलेले चित्र जिवंत होते. पक्ष्याला पाय असले तर तो उठेल, मृताचे अन्न टिपून खाईल, किंवा सरळ चालू लागेल. आणि ओळीतला पक्षी निघून गेला, तर शब्द मोडला. नाव मोडले, तर माणूस उपाशी. म्हणून रंगाऱ्यांनी पाय रंगवलेच नव्हते. रंग उडाला वगैरे काही नव्हते.

अनुपमाताईंची मुलगी अवनी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर आली होती. ती माझ्यापाशी मांडी घालून बसली आणि तिने लाव्याच्या पिल्लाच्या पायांवरून बोट फिरवले.

"अवनी, हात नको लावूस," ताई म्हणाल्या.

"बट आई, यू सेड धिस वन इज फॉर टचिंग. अँड दे आर सो क्यूट. दे कॅन गो होम."

"तेच तर होऊ द्यायचं नव्हतं त्यांना," सफाबाई हसून म्हणाल्या. पण पाय गेल्याशिवाय मला दालनात ठेवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. मुले चुकीचे शिकतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरूला बोलावून घेतले. सूर्यकांत त्याला पिकअपमधून घेऊन आले. केरूने पिवळ्या रंगाचा डबा आणि दोन बारीक ब्रश आणले होते. त्याला कोणीतरी फोनवर "टचअप" असे सांगितले होते.

"केरू, फक्त पाय," अनुपमाताई म्हणाल्या. "पिवळ्या कलरने झाकून टाकायचे. अर्ध्या तासाचं काम आहे." आणि त्यांनी सफाबाईंनी सांगितलेले सगळे मराठीत सांगितले.

केरूने नीट ऐकून घेतले. मग तो माझ्या डाव्या अंगाला आला, डोळ्यांकडे बघत राहिला आणि त्याने ब्रश खाली ठेवला.

"ताई, आखणी झाली. डोळे उघडल्यावर मोडतोड नाय करत. चुलत्यानं शिकवलंय."

"अरे, पण हा गणपती नाहीये."

"डोळे हायत ना, ताई."

"सूर्यकांत, प्लीज, तुम्ही करा."

सूर्यकांत एक पाऊल मागे सरकले. "मॅडम, ह्याने उपास करून डोळे काढलेत. मी हात नाही लावणार. माझ्याने नाही व्हायचं."

मी मनातल्या मनात ओरडत होते. पुसा! एकोणचाळीस पक्ष्यांचे पाय काय घेऊन बसलात, हवे तर पक्षीही पुसा. मला तिच्यासारखी करा. मला तिच्याशेजारी ठेवा. माझ्या जागेचा प्रश्न आहे, आणि हा माणूस चुलत्याच्या गोष्टी सांगतो आहे!

शेवटी अनुपमाताईंनी स्वतः ब्रश उचलला. घुबडाच्या नखापर्यंत नेला. मग त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "खलास. ही परत घेऊन जा."

त्या दिवशी मी केरूला माझ्या मनातून काढून टाकले. पहिला चेहरा होता त्याचा, पण काढून टाकला.

वर्कशॉपच्या मागच्या गोदामात माझी रवानगी झाली. माझ्या पोटात लोकांनी काय काय भरले, ते सांगायला लाज वाटते. सांताक्लॉजच्या सात दाढ्या, बिघडलेल्या माळांचा गुंता, आणि एकदा तर सहा महिने कोणाचीतरी फुटकी सुटकेस. जिच्यात राणीसारखी बाई निजायची, तशा पेटीत दाढ्या! झाकणावर चहाचे कप ठेवत. त्यांची गोल गोल वर्तुळे अजून माझ्या पाठीवर आहेत. आणि तिकडे अल ऐनमध्ये ती थंड हवेत उभी, हा विचार माझ्या मनातून एक दिवस गेला नाही.

केरूचेही काही बरे झाले नाही. साहेब लोकांसमोर कामाला नाही म्हणणारा माणूस कोणाला हवा असतो? त्या दिवसापासून त्याच्या हाती पुन्हा बारीक ब्रश पडला नाही. त्याला रोलर दिला. लांबच लांब पांढऱ्या भिंती तो खालीवर रंगवत राहिला. मला त्याची दया आली नाही. बरे झाले, असेच मी म्हटले.

तो दुपारचा डबा खायला रोज गोदामात यायचा. माझ्यावर वर्तमानपत्र अंथरून जेवायचा. आणि एक विचित्र गोष्ट करायचा. गोदाम आवरताना वर्कशॉपची पोरे मला कशीही ढकलत. बहुतेक वेळा माझे डोळे भिंतीकडे होत. केरू आला, की डबा उघडण्याआधी मला खांदा लावायचा आणि धापा टाकत वळवायचा, डोळे पूर्वेच्या दाराकडे येईपर्यंत. वर्षांमागून वर्षे. मला वाटायचे, याला बसायला सोयीची जागा हवी असेल. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर एवढे मोठे डोळे होते, तरी मी आंधळीच राहिले.

गेल्या वर्षी, एका गुरुवारी, केरू जेवायला आला नाही. त्याची सुट्टी होती. खोलीवर जेवून दुपारचा आडवा झाला, तो उठलाच नाही. झोपेतच गेला.

तीन दिवस सूर्यकांत कागदांसाठी या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत होते. चौथ्या दिवशी गोदामात येऊन माझ्यावर बसले. पोरे भोवती जमली.

"गेला का दादा?" एकाने विचारले.

"सकाळच्या फ्लाइटने. पेटी बघवेना रे. साधा प्लाय. कोरा. रंगाचा एक ठिपका नाही. डोक्याकडे कागद चिकटवलेला, नाव नि पासपोर्ट नंबर. जन्मभर रंगवत आला बिचारा."

"दादाला ह्याच पेटीतनं पाठवायला पाहिजे होतं," तो मुलगा माझ्यावर हात ठेवून म्हणाला.

"चालत नाही. विमानाला त्यांची ठरलेली पेटी लागते," सूर्यकांत म्हणाले.

मित्रांनो, त्या एका वाक्याएवढ्या वेळात मी जगले आणि मेले. ह्याच पेटीतनं! मी असताना, त्याच्या हातचे डोळे असताना, हजार भाकऱ्या अंगावर असताना, केरू एका कोऱ्या खोक्यातून गेला. रेनसेनेबच्या पेटीचा मी इतकी वर्षे हेवा करत होते. पण त्या दिवशी त्या कोऱ्या पेटीचा जो हेवा मला वाटला, त्यापुढे तो काहीच नव्हता. तिला रंग नव्हता, प्रार्थना नव्हती, नजर नव्हती. आणि केरूला तिने घरी नेले.

तेवढ्यात कोणीतरी मला बाजूला ढकलले. डोळे भिंतीकडे झाले, आणि तसेच राहिले. आता वळवायला कोण होते? तेव्हा मला कळले, की तो मला का वळवत होता.

नदीवर पिंडदान होते त्या सकाळी सूर्यकांतच्या फोनवर गावाहून व्हिडिओ कॉल आला. ते माझ्यापाशीच उभे होते. पलीकडे केरूचा पुतण्या परेश फोन धरून होता. मला दिसत काही नव्हते, फक्त आवाज येत होते. पाण्याचा, माणसांचा, आणि लांबून कावळ्यांचा.

"काका, कावळा शिवत नाय," परेश म्हणाला. "तास झाला. झाडावर बसल्यात, खाली येत नायत. पोरीच्या लग्नाचं बोललो, घराच्या पत्र्याचं बोललो, काकीला सांभाळू म्हणालो. काय पण केलं तरी येत नायत."

मग ठकुबाईचा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकला. रडून बसलेला, पण ठाम.

"भावजी, त्यांच्या मनात ती पेटी असंल. दर सुट्टीला तिचंच सांगायचे. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम कुणी बघितलंच नाय, म्हणायचे. पक्ष्यांना पाय दिलेत, म्हणायचे, एक दिवस तरी लोकं बघतील."

सूर्यकांतनी चप्पल काढल्याचा आवाज आला. मग त्यांचा हात माझ्यावर पडला.

"केरू," ते फोनमध्ये म्हणाले, "पेटी मी लोकांसमोर ठेवतो. पाय न पुसता ठेवतो. माझा शब्द."

थोडा वेळ नुसते पाणी वाजत होते.

"शिवला," ठकुबाई म्हणाली.

मित्रांनो, इतकी वर्षे मी समजत होते, की माझ्यासाठी कोणाचाही जीव अडकलेला नाही. खऱ्या पेटीला माणसे आहेत, मला कोणी नाही. आणि एका माणसाचा जीव मरणानंतरही माझ्यापायी झाडावर अडकून बसला होता. जिच्यासाठी तो अडकला, तिने त्याला मनातून काढून टाकले होते.

सूर्यकांत शब्दाला जागले. माझ्या पोटातून दाढ्या काढल्या, अंग पुसले आणि अनुपमाताईंना गोदामात बोलावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्या त्याच घुबडासमोर जाऊन बसल्या. मग तिथूनच त्यांनी कैरोला फोन लावला, स्पीकरवर.

"नदीवर पक्षी येऊन खाईपर्यंत थांबतात?" सफाबाईंनी विचारले. "आणि आमचे लोक पक्ष्यांनी येऊन खाऊ नये म्हणून त्यांना पायच देत नव्हते. दोघांनाही एकच भीती, आपलं माणूस उपाशी राहील. अनुपमा, ही पेटी तिच्या शेजारी ठेव. पाय राहू देत. हे दोन्ही मुलांना सांग."

आता मी अल ऐनमध्ये, दालनात आहे. ती काचेत, मी बाहेर, मध्ये चार हातांचे अंतर. माझे डोळे पूर्वेच्या खिडकीकडे आहेत. ठेवताना सूर्यकांतनी स्वतः खांदा लावला. शाळांच्या सहली येतात, पोरे माझ्यावरून हात फिरवतात. अवनी आता मोठी झाली आहे. ती मधूनमधून येते आणि लहान मुलांना पाय मोजायला लावते.

माझा मत्सर गेला का, असे विचाराल तर नाही. अजूनही लोक आधी तिच्याकडे जातात, आणि अजूनही माझ्यावरच्या हजार भाकऱ्या तिलाच पोचतात. आणि त्या कोऱ्या पेटीची आठवण आली, की माझे लाकूड आजही कुरकुरते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. कधी आलात, तर मला नखांनी ओरबाडू नका, माझ्यावर कप ठेवू नका. तुमच्या घरीदारीही जी वस्तू खरी नाही, जुनी नाही, महाग नाही, तिच्यावर कोणाचा तरी हात फिरलेला असतो, तेवढा आठवा. आणि माझ्या डाव्या अंगाला खाली वाका. डोळ्यांच्या खाली, लाव्याच्या पिल्लाच्या पायांपाशी, सूर्यकांतनी सुताराच्या पेन्सिलीने एक नाव लिहिले आहे. 'केरू गोविंद म्हात्रे.' ते मोठ्याने वाचा. मग रेनसेनेबचेही वाचा, माझी ना नाही, तीही बिचारी भुकेली असेल.

पण आधी त्याचे वाचा.